रीजंट्स परीक्षा समजून घेताना: न्यू यॉर्क राज्यातील मराठी पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

महाराष्ट्रातून न्यू यॉर्क राज्यात आलेल्या पालकांचे मूल नववीत किंवा दहावीत दाखल झाले, की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: इथली बोर्डाची परीक्षा कधी असते? प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्यातच एक गैरसमज दडलेला आहे. आपल्याकडे दहावीची परीक्षा म्हणजे वर्षाच्या शेवटी, दुसऱ्या एखाद्या शाळेतील केंद्रावर, बैठक क्रमांक घेऊन ओळीने दिलेले पेपर आणि त्यांचा एकत्रित निकाल. न्यू यॉर्कमध्ये असा एकच निर्णायक महिना नाही. इथे हायस्कूलच्या विषयवार राज्य परीक्षा असतात आणि त्यांनाच रीजंट्स म्हणतात. ज्या वर्षी विषय शिकून पूर्ण होतो, त्या वर्षीच्या जूनमध्ये त्या विषयाचा पेपर विद्यार्थी सहसा आपल्याच शाळेत देतो. पेपर उत्तीर्ण झाला की तो कायमचा जमा होतो आणि नाही झाला, तर तेवढाच पुन्हा देता येतो. त्यामुळे या परीक्षांकडे चार वर्षे थोडी थोडी भरत जाणारी खातेवही म्हणून पाहिले, तर पुढचे सर्व नियम समजायला सोपे जातात. ज्या घरांत ही वही दरवर्षी उघडून पाहिली जात नाही, तिथे बारावीच्या वसंत ऋतूत एखादी रिकामी जागा अचानक समोर येते आणि तेव्हा हाताशी फार थोडा वेळ उरलेला असतो.

हे मार्गदर्शन फक्त न्यू यॉर्क राज्यापुरते आहे, आणि ही मर्यादा लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण अमेरिकेत शालेय शिक्षण राज्यांच्या अखत्यारीत येते. टेक्सासमध्ये स्टार नावाच्या विषयवार परीक्षा आहेत. न्यू जर्सीत अकरावीत भाषा आणि गणित यांची एक पात्रता चाचणी होते. कॅलिफोर्नियात हायस्कूलच्या प्रमाणपत्रासाठी अशी राज्य परीक्षा नाही, तर मॅसॅच्युसेट्समधील मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एमकॅस परीक्षेची अट मतदानाने काढून टाकली. एडिसनमध्ये राहणाऱ्या मावशीचा किंवा सॅन होजेमधील मित्राचा सल्ला कितीही आपुलकीचा असला, तरी तो न्यू यॉर्कमधील मुलाला लागू पडेलच असे नाही.

डिप्लोमा म्हणजे काय आणि तो कसा मिळतो

डिप्लोमा हा शब्द आपल्याकडे तंत्रनिकेतनाच्या पदविकेसाठी वापरला जातो. इथे त्याचा अर्थ हायस्कूल पूर्ण केल्याचे, म्हणजे साधारण आपल्या बारावीच्या पातळीचे प्रमाणपत्र असा आहे. ते देण्याचे नियम बोर्ड ऑफ रीजंट्स हे मंडळ ठरवते. या मंडळाची स्थापना १७८४ सालची, त्याची पहिली परीक्षा १८६५ सालची, आणि हायस्कूलमधील विषयांच्या परीक्षा १८७८ पासून सुरू झाल्या.

डिप्लोमासाठी दोन स्वतंत्र हिशेब पूर्ण करावे लागतात. पहिला क्रेडिटचा. एखादा विषय वर्षभर, आठवड्याला किमान १८० मिनिटे शिकून शाळेच्या मूल्यमापनात उत्तीर्ण झाल्यावर एक क्रेडिट मिळते आणि एकूण २२ क्रेडिट लागतात. त्यांत इंग्रजीची ४, सामाजिक शास्त्रांची ४, विज्ञानाची ३, गणिताची ३, दुसऱ्या भाषेचे १, कलेचे १, शारीरिक शिक्षणाची २, आरोग्य विषयाचे अर्धे आणि ऐच्छिक विषयांची साडेतीन अशी विभागणी असते. दुसरा हिशेब परीक्षांचा.

हे दोन हिशेब एकमेकांची जागा घेत नाहीत, आणि पालकांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. मुलाला वर्गात ‘ए’ मिळाला असेल आणि रीजंट्सच्या पेपरात तो अनुत्तीर्ण झाला असेल, तर शाळेच्या मूल्यमापनात तो उत्तीर्ण असेपर्यंत क्रेडिट मिळते. परीक्षेची जागा मात्र रिकामीच राहते. याउलट पेपर उत्तम गेला, पण वर्षभराचे गृहपाठ आणि चाचण्या अपुऱ्या राहिल्याने विषयात अनुत्तीर्ण ठरला, तर परीक्षेची जागा भरते, पण क्रेडिट आपोआप मिळत नाही. शेवटच्या पेपरात सगळे भरून काढू, ही आपल्याकडची सवय इथे पुरेशी ठरत नाही. रीजंट्सचे गुण विषयाच्या वार्षिक गुणांत किती धरायचे, हे त्या त्या शाळेचे किंवा शालेय जिल्ह्याचे धोरण ठरवते. ते वर्षाच्या सुरुवातीलाच शिक्षकांना विचारून घ्यावे.

कोणते पाच पेपर

सध्याच्या नियमांनुसार रीजंट्स डिप्लोमासाठी पाच परीक्षांची अट आहे आणि तिला बोलण्यात ‘फोर प्लस वन’ म्हणतात. त्यांपैकी चार विषयगटांतून येतात: इंग्रजीची एक, गणिताची एक, विज्ञानाची एक आणि सामाजिक शास्त्रांची एक. गणितासाठी अल्जिब्रा वन, जॉमेट्री किंवा अल्जिब्रा टू यांपैकी कोणतीही चालते. सामाजिक शास्त्रांत जागतिक इतिहास व भूगोल किंवा अमेरिकेचा इतिहास व शासन, यांपैकी एक. पाचवी जागा भरण्याचे अनेक मार्ग आहेत. गणिताचा किंवा विज्ञानाचा आणखी एक पेपर, सामाजिक शास्त्रांतील दुसरा पेपर, कला, व्यावसायिक शिक्षण, दुसरी भाषा किंवा नागरी सज्जतेची मुद्रा (सील ऑफ सिव्हिक रेडिनेस, म्हणजे नागरिकत्वाच्या तयारीबद्दल मिळणारी मान्यता), असे पर्याय नियमांत दिलेले आहेत. सर्वसाधारण शाळेतील बहुतेक मुले गणिताचे आणि विज्ञानाचे एकापेक्षा अधिक पेपर देतातच, त्यामुळे त्यांची ही जागा सहज भरते. एपी (हायस्कूलमध्येच शिकायचे महाविद्यालयीन पातळीचे विषय) आणि आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) यांच्या काही परीक्षांमधील ठरावीक गुणही रीजंट्सच्या जागी ग्राह्य धरले जातात.

न्यू यॉर्क शहरात आणि इतरत्र काही मोजक्या सार्वजनिक शाळा अशा आहेत, की ज्यांना बहुतेक रीजंट्स परीक्षांतून सूट आहे आणि तिथे इंग्रजीचा पेपर सोडल्यास इतर विषयांत प्रकल्पांच्या सादरीकरणावर मूल्यमापन होते. मूल अशा शाळेत असेल, तर पुढील नियम त्याला बदललेल्या स्वरूपात लागू होतील.

६५ म्हणजे पासष्ट टक्के नव्हे

उत्तीर्ण होण्यासाठी ६५ गुण लागतात, हे ऐकल्यावर ३५ टक्क्यांच्या सवयीच्या पालकाच्या पोटात गोळा येतो. परंतु हे ६५ गुण टक्केवारीचे नाहीत. पेपरात प्रत्यक्ष मिळालेले कच्चे गुण त्या विशिष्ट पेपरासाठी तयार केलेल्या रूपांतर तक्त्यातून पाहिले जातात आणि त्यातून ० ते १०० या मापावरील अंतिम गुण निघतात. पेपर कठीण असला किंवा सोपा असला, तरी ६५ या आकड्यामागची पात्रता सारखी राहावी, हा त्यामागचा हेतू आहे. अल्जिब्रा वनच्या पेपरात गेल्या अनेक वर्षांत एकूण कच्च्या गुणांपैकी साधारण एक तृतीयांश गुण मिळवणारा विद्यार्थी ६५ पर्यंत पोहोचत आला आहे. वरच्या टोकाला मात्र तोच तक्ता कडक वाटतो, कारण ८५ च्या पुढे जाताना थोडे कच्चे गुण गेले तरी अंतिम गुणांत ते जाणवते.

याचा व्यावहारिक उपयोग असा, की घरी सराव पेपर तपासताना टक्केवारी काढून मुलाला नाउमेद करू नये. त्या पेपराचाच रूपांतर तक्ता शोधून त्यावरून गुण काढावेत. जुन्या प्रश्नपत्रिका, उत्तरसूची, नमुना उत्तरे आणि हे तक्ते राज्याचा शिक्षण विभाग आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतो. माझ्या मते कोणत्याही महागड्या शिकवणीपेक्षा ही सामग्री अधिक विश्वासार्ह आहे, कारण गुण कशाला दिले आणि कशाला कापले, हे नमुना उत्तरांत प्रत्यक्ष दिसते.

पेपरांचे स्वरूप आणि तयारी

प्रत्येक पेपरासाठी तीन तासांचा वेळ असतो. अल्जिब्रा वनमध्ये आधी २४ बहुपर्यायी प्रश्न येतात आणि त्यानंतरच्या भागांत उत्तरासोबत रीत लिहावी लागते. आपल्या मुलांना तोंडी हिशेब करून थेट उत्तर लिहिण्याची सवय असते. इथे रीत न दाखवलेले अचूक उत्तर पूर्ण गुण मिळवत नाही. दुसरा फरक कॅल्क्युलेटरचा. आलेख काढणारा कॅल्क्युलेटर परीक्षेत प्रत्येकासाठी उपलब्ध असणे बंधनकारक आहे आणि काही प्रश्न तो हाताशी आहे असे धरूनच रचलेले असतात. महाराष्ट्रातून थेट आलेल्या मुलाने हे यंत्र पूर्वी हाताळलेले नसते, म्हणून ते वापरण्याचा सराव आधीपासून व्हायला हवा.

इंग्रजीचा पेपर हा खरा कसोटीचा, कारण त्याला विषयगटात पर्याय नाही. पहिल्या भागात उताऱ्यांवर २४ बहुपर्यायी प्रश्न असतात. दुसऱ्या भागात एकाच वादग्रस्त मुद्द्यावरचे चार मजकूर देऊन, त्यांतील पुराव्यांच्या आधारे स्वतःची बाजू मांडणारा निबंध लिहायचा असतो. तिसऱ्या भागात एका उताऱ्यातील मध्यवर्ती कल्पना लेखकाने कोणत्या लेखनतंत्राने विकसित केली, हे दोन-तीन परिच्छेदांत दाखवायचे असते. पाठ केलेला निबंध, सुभाषितांनी केलेली सुरुवात आणि विषयाच्या भोवती फिरणारी सुंदर वाक्ये यांना इथे गुण मिळत नाहीत. दिलेल्या मजकुराच्या ओळींचा हवाला देऊन युक्तिवाद करणे हे वेगळेच कौशल्य आहे आणि ते महिन्याभरात येत नाही. मुलाने दर आठवड्याला एक जुना प्रश्नसंच घेऊन फक्त दुसऱ्या भागाचा निबंध लिहावा आणि शाळेतील शिक्षकांकडून गुणदानाच्या निकषांनुसार तपासून घ्यावा, एवढे वर्षभर नियमाने झाले तरी मोठा फरक पडतो.

इतिहासाच्या पेपरांतही सनावळ्या पाठ असण्यापेक्षा नकाशा, व्यंगचित्र किंवा भाषणाचा तुकडा वाचून निष्कर्ष काढण्यावर भर असतो. जागतिक इतिहासात शेवटी, इतिहासात पुन्हा पुन्हा डोके वर काढणाऱ्या एखाद्या प्रश्नावर निबंध असतो, तर अमेरिकेच्या इतिहासात नागरी प्रश्नावरील कागदपत्रांच्या आधारे निबंध लिहावा लागतो.

विज्ञानाची अदृश्य अट

विज्ञानाच्या पेपराला बसण्यासाठी आधी १२०० मिनिटांचे प्रयोगशाळेतील काम आणि त्याचे समाधानकारक अहवाल पूर्ण असावे लागतात. ही अट पूर्ण नसेल, तर विद्यार्थ्याला परीक्षेला बसता येत नाही. माझी भाची पुण्याहून वर्षाच्या मध्यात आली, तेव्हा पहिल्या सत्रातील प्रयोग तिच्या नावावर नव्हते आणि ही गोष्ट शाळेने मे महिन्यात सांगितली. तिने उरलेले प्रयोग शाळा सुटल्यावर थांबून पूर्ण केले, म्हणून त्या जूनमध्ये ती परीक्षेला बसू शकली. मध्येच दाखल झालेल्या मुलाच्या पालकांनी प्रयोगांची किती मिनिटे नोंदली गेली आहेत, हे दर दोन महिन्यांनी विचारावे आणि तपासून परत आलेले अहवाल मुलाने एका फाइलमध्ये जपून ठेवावेत.

नव्याने आलेल्या मुलांचे हक्क

शाळेत नाव घालताना घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेविषयी एक प्रश्नावली भरून घेतली जाते. मराठी लिहिले तर मुलाला खालच्या वर्गात घालतील, या भीतीने अनेक पालक तिथे इंग्रजी लिहितात. मला हे मुलाचे नुकसान करणारे पाऊल वाटते. मराठी लिहिल्यावर आधी मुलाखत आणि गरज असेल तर इंग्रजीची चाचणी होते. पुण्या-मुंबईतील इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आलेले मूल त्यात सहसा सहज पार पडते. परंतु मराठी किंवा सेमी इंग्रजी माध्यमातून आलेले मूल इंग्रजी शिकणारा विद्यार्थी म्हणून नोंदले गेले, तर त्याला परीक्षेत महत्त्वाच्या सवलती मिळू शकतात: वाढीव वेळ, वेगळी खोली आणि शब्दाला शब्द देणारा द्विभाषिक कोश. कोशात व्याख्या किंवा स्पष्टीकरणे नसावीत, एवढी अट आहे. इंग्रजीचा पेपर सोडून इतर विषयांत स्पॅनिश, चिनी अशा काही भाषांत छापील प्रश्नपत्रिका मिळते. मराठीत ती मिळत नाही, आणि म्हणूनच अशा भाषांसाठी तोंडी भाषांतराची तरतूद आहे. या विषयांत उत्तरेही मातृभाषेत लिहिण्याची मुभा आहे. या सवलती विद्यार्थी त्या नोंदीतून बाहेर पडल्यानंतरही दोन वर्षांपर्यंत देता येतात.

व्यवहारात मात्र मराठी जाणणारा भाषांतरकार आणि मराठी उत्तरे तपासू शकणारी व्यक्ती शोधायला शाळेला वेळ लागतो. जूनच्या परीक्षेसाठी ही मागणी जानेवारी-फेब्रुवारीतच, लेखी स्वरूपात, काउन्सेलर (विद्यार्थ्यांना विषय आणि डिप्लोमा यांबाबत मार्गदर्शन करणारे शाळेतील सल्लागार) आणि इंग्रजी भाषा विभागाच्या समन्वयकांकडे करावी.

भारतातील गुणपत्रिकांवरून कोणती क्रेडिट द्यायची, हे मुख्याध्यापक ठरवतात. त्यासाठी मागील वर्गांच्या गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची रूपरेषा आणि शाळेचे शिक्कामोर्तब असलेली इंग्रजी भाषांतरे सोबत आणावीत. अकरावीत किंवा बारावीत प्रथमच राज्यात आलेल्या विद्यार्थ्याला काही परीक्षांतून सूट देण्याचा अधिकारही नियमांनी मुख्याध्यापकांना दिलेला आहे. तो आपोआप वापरला जात नाही, म्हणून विचारणा करावी.

परीक्षेचा दिवस

परीक्षा जानेवारी, जून आणि ऑगस्ट या तीन हंगामांत होतात. शुल्क नसते. सकाळच्या पेपराला १० नंतर आणि दुपारच्या पेपराला २ नंतर प्रवेश मिळत नाही. मोबाइल, स्मार्ट घड्याळ आणि इअरफोन घरीच ठेवावेत, कारण परीक्षेदरम्यान ते जवळ सापडले तर पेपर रद्द होऊ शकतो.

पेपर राहिला तर

अनुत्तीर्ण होणे हे इथे आपल्याकडच्या इतके जाहीर नसते. निकाल वर्तमानपत्रात येत नाही, वर्षही वाया जात नाही. जूनमध्ये राहिलेला पेपर ऑगस्टमध्ये किंवा जानेवारीत देता येतो आणि सर्वाधिक गुण धरले जातात. विषयाचे क्रेडिट मिळालेले असेल, तर तो विषय वर्गात पुन्हा शिकावा लागत नाही. ऑगस्टचा पेपर लगेच द्यावा की जानेवारीपर्यंत थांबावे, याचे उत्तर गुणांवर अवलंबून आहे. ६० च्या आसपास गुण असतील, तर विषय ताजा असताना ऑगस्टमध्येच द्यावा. त्याहून बरेच कमी असतील, तर पाया पक्का करून मग बसणे शहाणपणाचे.

दोनदा प्रयत्न करूनही गुण ६० ते ६४ च्या दरम्यान अडकले असतील, विषय वर्गात उत्तीर्ण असेल आणि शाळेने देऊ केलेली जादा मदत विद्यार्थ्याने घेतली असेल, तर अपील करता येते. एका पेपराचे अपील मान्य झाले, तर रीजंट्स डिप्लोमाच मिळतो. दोन पेपरांची अपिले मान्य झाली, तर लोकल डिप्लोमा, म्हणजे परीक्षांच्या सैल अटींवर दिला जाणारा डिप्लोमा, मिळतो. नववीत किंवा त्यानंतर प्रथमच अमेरिकेतील शाळेत आलेल्या इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजीच्या पेपरात ५५ ते ५९ गुणांवरही अपील करण्याची वेगळी तरतूद आहे. अपंगत्वामुळे वैयक्तिक शिक्षण योजना असलेल्या मुलांसाठी ५५ ते ६४ गुणांवर लोकल डिप्लोमा देणारे संरक्षक जाळे आहे. आपल्या समाजात शिकण्यातील अडचणीचे मूल्यमापन करून घ्यायला पालक कचरतात; हे मूल्यमापन वेळेत झाले नाही, तर या संरक्षणाचा दरवाजा मुलासाठी उघडतच नाही.

लोकल डिप्लोमा हाही पूर्ण मान्यतेचा हायस्कूल डिप्लोमा आहे. दुसऱ्या टोकाला प्रगत दर्जाचा डिप्लोमा आहे. त्यासाठी गणिताचे तीनही पेपर आणि विज्ञानाचे दोन पेपर लागतात, शिवाय दुसऱ्या भाषेतील किंवा कला अथवा व्यावसायिक शिक्षणातील पुढचा टप्पा पूर्ण करावा लागतो. सर्व परीक्षांची सरासरी ९० असेल, तर त्यावर सन्मानाची नोंद होते. महाविद्यालयीन प्रवेशासाठी त्याहून अधिक महत्त्व चार वर्षांच्या ट्रान्स्क्रिप्टला, म्हणजे सर्व विषय आणि गुण यांच्या एकत्रित नोंदीला असते, म्हणून केवळ नावासाठी मुलावर जादा पेपरांचा भार घालू नये, असे मला वाटते.

नियम बदलत आहेत, तोवर काय करावे

नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने एक मोठी योजना मांडली. तिच्यानुसार २०२७-२८ या शालेय वर्षापासून रीजंट्स उत्तीर्ण होणे ही डिप्लोमाची अट राहणार नाही आणि वेगवेगळ्या डिप्लोमांऐवजी एकच डिप्लोमा असेल. परीक्षा मात्र बंद होणार नाहीत, कारण केंद्रीय कायद्यानुसार हायस्कूलमध्ये इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांची किमान एकेक चाचणी राज्याला घ्यावीच लागते. ही बातमी ऐकून काही मुले अभ्यास सैल सोडत आहेत आणि काही पालक जानेवारीचा राहिलेला पेपर पुढे ढकलत आहेत. हा धोका पत्करू नये. आपले मूल ज्या वर्षी नववीत दाखल झाले आणि ज्या वर्षी बाहेर पडणार आहे, त्याला नेमका कोणता नियम लागू आहे, हे शाळेकडून लेखी घ्यावे आणि ते हाती येईपर्यंत पाच परीक्षांची अट कायम आहे असे धरून चालावे.

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये काउन्सेलरना एक छोटा ईमेल पाठवावा आणि त्यात चार गोष्टी विचाराव्यात: आजवर जमा झालेली क्रेडिट आणि ती कोणत्या गटात, उत्तीर्ण झालेल्या परीक्षा आणि त्यांचे गुण, या वर्षी जूनमध्ये द्यायचे पेपर, आणि प्रयोगशाळेतील मिनिटांची नोंद. आलेले उत्तर छापून फाइलमध्ये लावावे, मागच्या वर्षीच्या उत्तराशी ताडून पाहावे आणि फरक आढळला तर त्याच आठवड्यात प्रत्यक्ष भेट मागावी. बारावीत असलेल्या मुलासाठी हा ईमेल सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच जायला हवा, म्हणजे एखादी जागा रिकामी निघालीच, तर जानेवारीच्या परीक्षेसाठी नाव नोंदवता येते.